डिस्काउंटच्या कार्डापायी मेंबरशिप ठेवायची का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातले, दहा एकर वावर, संत्रा अन् कपाशी, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. २०१६ मध्ये नागपूरच्या एका मॉलमध्ये पोरांनी कुपन भरलं, मग फोन आला की तुम्हाला गिफ्ट लागलं, दोघंही नवरा-बायको या. गेलो तर तीन तास बसवून ठेवलं अन् २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात टाकली, ३ लाख ४० हजार, हप्त्यानं. कंपनीच्या रिसॉर्टमध्ये वर्षाला ७ रात्री राहायच्या. हप्ते फिटले, पण दरवर्षी मेंटेनन्सचे १७,५०० अन् त्यावर जीएसटी भरून राहिलो. मागच्या ३ वर्षांत एकदाच ४ रात्री जाऊन आलो. मी म्हणते सोडून देऊ. आमचे हे म्हणतात, मेंबर आहो म्हणून केवढ्या सवलती भेटतात, रिसॉर्टमध्ये जेवणावर २० टक्के, बाहेरच्या हॉटेलांत डिस्काउंट, व्हाउचर, सगळं जाईल नं मग. तर ह्या सवलतींसाठी तरी ठेवावी का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला आमच्या मोठ्या भावाचं कपाट आठवलं. त्याच्याकडंही अशीच मेंबरशिप आहे, वेगळ्या कंपनीची, अन् ते कार्ड प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून सातबारा आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदांसोबत लॉकरमध्ये ठेवलेलं असते. सोबत एक गुळगुळीत पुस्तिका, त्यात पन्नासेक हॉटेलांची, स्पाची, चष्म्याच्या दुकानांची नावं. मी एकदा बसून पाहिलं, त्यातलं सगळ्यात जवळचं ठिकाण नागपुरात निघालं, त्यांच्या गावापासून शंभराच्या वर किलोमीटर. चष्म्यावर १५ टक्के वाचवायला शंभर किलोमीटर कोण जाते?

तर पहिले आकडे मांडू, कारण भाऊजींशी तोंडी वाद घालून काही होणार नाही, वहीत लिहून दाखवा. १७,५०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,१५०, एकूण २०,६५० वर्षाचे. याच दरानं ३ वर्षांचे झाले ६१,९५०. आता त्या ३ वर्षांत सवलतीतून हातात किती आलं? ४ दिवसांचं घरच्यांचं जेवण-नाश्ता १६,००० धरलं तर २० टक्क्यांनं ३,२०० वाचले, एखादं १,५०० चं व्हाउचर वापरलं असं मोठ्या मनानं धरू, झाले ४,७००. बस. ६१,९५० भरून ४,७०० ची सवलत. खोलीचेही धरू, तशी खोली बाहेर ६,००० ला पडली असती असं समजा तर ४ रात्रींचे २४,०००. दोन्ही मिळून २८,७००. म्हणजे निम्मेही वसूल नाही झाले. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमची बिलं काढा अन् तुमचे आकडे घाला, पण पुस्तिकेत काय छापलंय ते घालू नका, ३ वर्षांत खरंच काय वापरलं तेवढंच.

आता हाच हिशोब पूर्ण ७ रात्री जाऊन करून पाहा. ७ रात्रींचे ४२,०००, भरले २०,६५०, म्हणजे रात्रीला २,९५० पडले. हे वाईट नाही, उलट चांगलं आहे. तेव्हा सगळं अडून राहते ते रात्री वापरता की नाही यावर. सवलती म्हणजे ताटातलं लोणचं. जेवत असाल तर लोणच्यानं चव येते, पण जेवायचंच नसेल तर लोणच्यासाठी कोणी वर्षाला वीस हजाराचं ताट मांडून ठेवत नाही.

जेवणावरच्या २० टक्क्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बहुतेक जण तिथंच फसतात. दोन वर्षांआधी आम्ही सगळे भावासोबत गेलो होतो. रात्रीच्या जेवणाचं बिल ४,२०० झालं, त्यातून ८४० वजा, खाली ठळक छापलेलं की मेंबर म्हणून तुमचे ८४० वाचले. भावानं ती स्लिप घडी करून पाकिटात ठेवली अन् गावी येऊन सगळ्यांना दाखवली. दिले किती तर ३,३६०, तो आकडा कोणी वाचलाच नाही. गेटच्या बाहेर दोनशे पावलांवर पोळी-भाजीची खानावळ होती, आईनं दोनदा म्हटलं की तिथं जाऊ, मला वरण-भात पायजे, पण डिस्काउंट आतमध्ये आहे म्हणून आम्ही सगळ्या रात्री आतच जेवलो. जो खर्च तुम्ही तसाही करणारच होता त्यावर सूट भेटली तर ती कमाई, सवलतीसाठी म्हणून नवा खर्च काढला तर तो खर्चच.

बाहेरच्या हॉटेलांतल्या सवलतीचंही तसंच. भाच्याच्या साखरपुड्याला पुण्याला जायचं होतं तेव्हा भावाच्या कार्डावर २५ टक्के भेटत होते, पण ते छापील दरावर, ४,८०० चे ३,६०० झाले. भाचीनं मोबाइलवर तीच खोली त्याच तारखेला ३,१५० ला काढून दिली, कार्ड नाही, काही नाही. म्हणून सवलत वापरायच्या आधी दर वेळी तीच तारीख टाकून बाहेरचा भाव पाहायचा, टक्के कशावर मोजले ते पाहायचं.

ताडोब्याचंही विचारतात लोक. रिसॉर्टची खोली मेंबरशिपवर भेटली तरी कोअरच्या, म्हणजे आतल्या जंगलाच्या, सफारीचं तिकीट वनखात्याकडूनच काढावं लागते, तिथं तुमचं कार्ड चालत नाही, अन् कोअर दर मंगळवारी बंद असते, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद. पुस्तिकेत वाघाचा फोटो असला म्हणून वाघ सवलतीत नाही येत. अन् इकडंच फिरायचं तर चिखलदऱ्याला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, रिसॉर्ट आहे, शेगावला संस्थानचं भक्तनिवास आहे, एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. यातल्या कशालाही वर्षाची फी नाही लागत.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, ती सोडायच्या आधी तपासा. करारात सीझन लिहिलेला असतो, बहुतेक ठिकाणी रंगानं. दिवाळी अन् मे महिन्याचा रंग सगळ्यात महाग. सेल्सवाल्यानं तोच गळ्यात मारला असेल तर तो तुमच्या काय कामाचा, दिवाळीत कपाशीची वेचणी सुरू असते, मजूर भेटत नाही, भाऊजी वावर सोडून निघणार कसे? पण शाळेच्या सुट्या तुमच्या हातात आहेत, अन् विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळं जूनच्या मधल्या आठवड्यात पुण्या-मुंबईची पोरं शाळेत गेलेली असतात अन् तुमची घरी असतात. तेव्हा खोल्या भेटतात. पाऊस लांबला असेल, पेरणी व्हायची असेल, तर भाऊजीही चार दिवस निघू शकतात. तसंच न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी चालतात का हे कंपनीला मेलवर विचारा, बऱ्याच करारांत चालतात, काही वर्षांपुरत्या. त्या रात्री बहिणीला, दिराला देता येतात का, पाहुण्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही विचारा. दुसऱ्या कंपनीच्या रिसॉर्टशी अदलाबदल असते त्याची फी बहुतेक वेगळी असते. जेवणाच्या सवलतीपेक्षा या गोष्टी कितीतरी कामाच्या आहेत अन् पुस्तिकेत त्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात. त्याच पानावर हेही असते की सवलती कंपनी केव्हाही बदलू शकते, म्हणजे फी २०४१ पर्यंत भरायची हे पक्कं अन् सवलत पुढच्या वर्षी असेलच हे कच्चं.

राहिले ३ लाख ४० हजार. भाऊजींना खरं दुखते ते तिथं, असं मला वाटते, सवलती हे बोलायचं कारण. त्यांना दुबार पेरणीची आठवण द्या. पहिलं बियाणं वाळून गेलं की शेतकरी दुसऱ्यांदा बॅग आणायची का हे पुढचा पाऊस पाहून ठरवते, पहिल्या बॅगचे पैसे गेले म्हणून नाही. तसंच इथं फक्त पुढच्या २०,६५० चा विचार करायचा.

सोडायचं ठरलं तर फी नुसती थकवू नका. करारात बहुतेक थकबाकीवर व्याज असते अन् बुकिंगही बंद होते. लेखी अर्ज द्या, मेलनं अन् स्पीड पोस्टानं दोन्हीकडून, की मेंबरशिप परत करायची आहे, किती पैसे परत भेटतील ते कलम सांगून कळवा. पूर्ण भेटणार नाहीत, सुरुवातीच्या रकमेतला मोठा भाग बहुतेक करारांत परत न होणारा असते, पण जे निघेल ते अन् पुढची फी थांबेल ते.

माझं मत विचारलं म्हणून सांगते, एक वर्ष द्या. जूनमध्ये जमलेल्या रात्री धरून जाऊन या, पोरांना समुद्र दाखवा. तेव्हाही जमलं नाही तर सोडा, कार्डासकट.

प्रश्न : माझीही अशीच मेंबरशिप आहे, दारव्हा तालुका. मला फोन येऊन राहिले की तुमची मेंबरशिप ४ लाखात विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे २५ हजार आधी भरा. दुसरा फोन येते की अपग्रेड करा, सवलती डबल होतील. काय करू?

उत्तर : दादा, एक रुपयाही भरू नका. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे हा कोणता बाजार? यवतमाळच्या मार्केटात कापूस विकायला नेल्यावर तुम्हीच व्यापाऱ्याला पैसे देता का? तुमचं नाव, मेंबरशिपचा नंबर त्यांना माहीत आहे म्हणून ते कंपनीचेच आहेत असं नाही, अशा याद्या फिरत असतात. पैसे भरून बसले असाल तर आत्ता, हे वाचता वाचता १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा तो नंबर आहे, जेवढं लवकर सांगाल तेवढी रक्कम अडवायची संधी जास्त.

अपग्रेडचा फोन खरंच कंपनीचा असू शकते. त्याला एकच म्हणा, जे सांगता ते मेलवर लिहून पाठवा. बोललेलं अन् लिहिलेलं वेगळं निघालं की तिथंच कळते. अन् आधी तोंडी कबूल केलेल्या सवलती कंपनी देत नसेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, तिथं नाही जमलं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, कंपनीच्या गावी मुंबई-चेन्नईला जायचं काम नाही, अन् भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. फक्त तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. त्या पहिल्या दिवशीचे व्हॉट्सॲप मेसेज, ब्रोशर, सही केलेला कागद, काही फेकू नका.

प्रश्न : मी अचलपूरचा, रिटायर झालो. दरवर्षी ७ च्या ७ रात्री आम्ही दोघं जातो, पोरगी पुण्याहून येते. सगळे म्हणतात फसलास. सवलतींचं कार्डही वापरतो. चूक करून राहिलो का मी?

उत्तर : नाही काका. तुम्ही वापरता, पोरगी भेटते, फी परवडते, खुशाल ठेवा. एवढंच करा की कंपनीला लिहून पोरीचं नाव वारस म्हणून लावून घ्या, अन् तुमच्यामागं वर्षाची फी तिच्यावर येते का ते तिच्यासमोर वाचून दाखवा. तिला नको असेल तर ते आताच कळलेलं बरं, तुमच्या हयातीतच परत करायचा अर्ज देता येईल.