सल्लागारांची जाहिरात : स्टेटस, रील आणि सेबी

या वेळी आलेली बहुतेक पत्रे गुंतवणूक सल्लागारांच्या सोशल मीडियावरच्या प्रचाराबद्दल आणि भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमांबद्दल आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी सेबी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहे. एका अशिलाच्या पोर्टफोलिओला चांगला परतावा मिळाला. त्याचे नाव झाकून स्क्रीनशॉट फक्त व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला, तर ती जाहिरात होते का?

होते. सल्लागार आणि रिसर्च अ‍ॅनालिस्ट यांच्यासाठीची जाहिरात संहिता सेबीने 5 एप्रिल 2023 रोजी काढली आणि ती 1 मेपासून लागू झाली. तिच्यातली जाहिरातीची व्याख्या खूप ऐसपैस आहे. पत्रक, वर्तमानपत्र, ईमेल, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप, समाजमाध्यमे असे सगळे तिच्यात येते. स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते, या युक्तिवादाचा काही उपयोग नाही. ज्याने पाहायचे त्याने पाहिलेले असते, आणि स्क्रीनशॉट काढणारा कुणीतरी असतोच.

तुमची अडचण दुहेरी आहे. एक म्हणजे पूर्वीची कामगिरी जाहिरातीत दाखवायला संहितेत मनाई आहे. नाव झाकल्याने अशिलाची गोपनीयता जपली जाते, पण परताव्याचा आकडा उघडाच राहतो आणि आक्षेप नेमका त्या आकड्याला आहे. दुसरे म्हणजे जाहिरात प्रसिद्ध करण्याआधी पर्यवेक्षण संस्थेची मंजुरी घ्यावी लागते. जुलै 2024 पासून हे काम बीएसईकडे (मुंबई शेअर बाजाराकडे) आहे. परतावा पडताळून देणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेची चौकट सेबीने एप्रिल 2025 मध्ये आखली आहे. आकडे दाखवायचेच असतील तर त्या वाटेने जा. स्वतःच निवडलेल्या एका चांगल्या पोर्टफोलिओचा फोटो हा त्याला पर्याय नाही. बुडालेल्या पोर्टफोलिओचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवणारा सल्लागार मी तरी अजून पाहिलेला नाही.

प्रश्न : रीलमध्ये इशारा वाचून दाखवायलाच हवा का? तीस सेकंदांत मग बोलायचे काय?

हवा, दिसायलाही आणि ऐकू यायलाही. बाजारातील जोखमीचा ठरावीक इशारा वीसेक शब्दांचा असेल तर त्याला किमान दहा सेकंद द्यावेत, असे उदाहरणच संहितेत दिले आहे. म्हणजे तुमच्या रीलचा तिसरा हिस्सा त्यात गेला. शिवाय नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ‘नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे’ हे निवेदन. माझे मत विचाराल तर सल्लागाराने रीलचा नाद सोडून पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ करावा. सेबीचे बोधचिन्ह मात्र कुठेही वापरू नका. विश्वास वाटावा म्हणून अनेकजण ते लावतात आणि तिथेच अडकतात.

प्रश्न : अशील आपणहून गूगलवर छान अभिप्राय लिहितात. ते इन्स्टाग्रामवर टाकू का?

नको. अशिलांची प्रशस्ती जाहिरातीत चालत नाही. त्याने स्वतःच्या खात्यावरून लिहिले तोवर ते त्याचे मत. तुम्ही ते उचलून आपल्या पानावर डकवले की ती तुमची जाहिरात झाली, असेच मी धरून चालेन. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’ ही विशेषणेही बायोमधून काढा. बक्षिसांच्या स्पर्धाही नकोत.

प्रश्न : माझ्याकडे एआरएन (म्युच्युअल फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक) आहे, मी म्युच्युअल फंड विकतो. पाटीवर आणि फेसबुकवर ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ लिहिले आहे. पंधरा वर्षांपासून लोक याच नावाने ओळखतात.

पाटी बदला. सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’, ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ किंवा त्यांच्याशी मिळतीजुळती बिरुदे 30 सप्टेंबर 2020 पासून वापरता येत नाहीत. ‘म्युच्युअल फंड वितरक’ असे लिहून शेजारी एआरएन द्या. फेसबुकच्या जोडीला जुनी व्हिजिटिंग कार्डे, ईमेलखालची सही आणि गूगल मॅप्सवरचे नावही तपासा. ते हमखास राहून जाते.

प्रश्न : मी फक्त शेअर बाजार शिकवते, टिप्स देत नाही. चार्ट दाखवताना कंपन्यांची नावे घेतली तर चालते का?

शिकवायला बंदी नाही. पण सेबीच्या जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने रेघ बरीच स्पष्ट केली आहे. निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून एखाद्या शेअरच्या पुढच्या भावाकडे बोट दाखवायचे नाही. नाव घेऊन नाही, सांकेतिक नावाने नाही, स्क्रीन शेअर करून नाही. ‘तो निळ्या लोगोवाला शेअर’ ही पळवाट त्यामुळे बंद झाली. जुने चार्ट घ्या. सपोर्ट-रेझिस्टन्स (भाव जिथे सावरतो वा अडतो त्या पातळ्या) शिकवायला कालचा भाव लागत नाही.

फी घेऊन चालवलेल्या वर्गानंतरचा टेलिग्राम ग्रुप हे खरे दुखणे आहे. वर्गात शिक्षण आणि ग्रुपवर ‘आज हा बघा’ अशी विभागणी केली तर दोन्ही मिळून सल्लाच ठरण्याची शक्यता दाट. डिसेंबर 2025 मध्ये सेबीने एका ट्रेडिंग अकादमीविरुद्धच्या अंतरिम आदेशात 546 कोटी रुपये गोठवले. तिथलाही बचाव आपण शिकवतो एवढाच होता.

प्रश्न : मी नोंदणीकृत सल्लागार आहे. पाच लाख फॉलोअर असलेल्या एकाला पैसे देऊन माझे नाव घ्यायला लावायचे आहे.

आधी त्याचे जुने व्हिडिओ बघा. नोंदणी नसताना तो शेअर सुचवत असेल किंवा परताव्याचे दावे करत असेल, तर सेबीच्या नियमांतील ऑगस्ट 2024 च्या दुरुस्तीनंतर त्याच्याशी तुमचा कसलाही संबंध चालत नाही, मग पैसे दिलेले असोत वा नसोत. स्वतः गूगल किंवा मेटावर जाहिरात देणार असाल, तर सेबीच्या पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांकच तिथे वापरा.

प्रश्न : अशिलांशी बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवरच होते. आपोआप पुसणारे संदेश चालू ठेवले तर?

बंद करा, आजच. सल्ल्याची नोंद किमान पाच वर्षे जपावी लागते आणि जाहिरातीची प्रतही तितकीच वर्षे. फोन बदलताना बॅकअप राहिला नाही, हे कारण तपासणीत ऐकून घेतले जात नाही. महिन्यातून एकदा चॅट एक्स्पोर्ट करून अशीलनिहाय फोल्डरमध्ये ठेवा. फोनवर सल्ला दिला असेल आणि रेकॉर्डिंग नसेल, तर त्याच दिवशी ईमेलने तो लिहून पाठवा.