दहावीपर्यंतच्या गणितावर सायमन सिंग यांचे 'फर्माज लास्ट थिअरम' समजेल का?

होय, नक्की समजेल, कारण १९९७ सालच्या या पुस्तकातील मूळ प्रश्न पायथागोरसच्या सिद्धांताला लागूनच आहे: ३, ४, ५ यांसारखी वर्गांची त्रिकुटे अनंत असली, तरी वर्गाऐवजी घन किंवा त्याहून मोठा घात घेतल्यास धन पूर्णांकांत असे एकही त्रिकूट मिळत नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांचा हा दावा सिद्ध केल्याचे ब्रिटिश गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी १९९३ मध्ये जाहीर केले, त्यात त्रुटी आढळली आणि १९९४ मध्ये ती दूर झाली. पुस्तकातील सर्वांत उत्कट पाने मला हीच वाटतात. मात्र ज्यावर ही सिद्धता उभी आहे, ते इलिप्टिक कर्व्ह (विशिष्ट प्रकारच्या घन समीकरणांचे वक्र) आणि मॉड्युलर फॉर्म (विलक्षण सममिती असलेली फलने) यांचे नाते येथे केवळ वर्णनातून कळते. वर्गमूळ २ अपरिमेय असल्याची सिद्धता परिशिष्टात दिली आहे. ती वही-पेन घेऊन अवश्य सोडवावी.