भाषांतर आधी देऊ नकोस

प्रिय नवशिक्षिके,

शालोम. ज्यू डे स्कूलच्या चौथी-पाचवीला तू हुमाश, म्हणजे तोराहचे पाच ग्रंथ, शिकवणार आहेस. माझा एकच आग्रह आहे: वचनाचा अर्थ आधी फळ्यावर लिहू नकोस. मुलं तो पाठ करतात आणि पुढच्याच ओळीत पुन्हा अडतात. शब्द फोडायला शिकव.

उत्पत्ती 12:1 मधला 'मेआर्त्सेखा' घे. मराठीत आपण 'देशातून' म्हणतो, तिथे 'तून' मागे लागतो. हिब्रूत त्यासाठी 'मे' पुढे लागतो आणि 'तुझ्या'चा 'खा' शेवटी चिकटतो. चिकटलेली अक्षरं एका रंगाने रंगवून घे. मध्ये 'एरेत्स', देश, उरतो. पुढच्या 'उमिमोलद्तेखा'त मात्र हमखास घोटाळा होतो. 'उ' म्हणजे आणि, 'मि' म्हणजे 'हून'. ते काढल्यावर मुलं पुढचा मेमही ('म' हे अक्षर) उडवतात. तो मेम 'मोलेदेत', जन्मभूमी, या नामाचाच आहे. धातू योद-लामेद-दालेत (य-ल-द), जन्म देणे. त्यातला योद इथे वाव झालाय, म्हणून तो मुलांना सापडत नाही. हे तू स्वतः दाखव.

मग तोराहचा भाष्यकार राशी (1040–1105, फ्रान्समधलं त्रुआ). 'राशी लिपी' त्याची स्वतःची नव्हे, छापखानेवाल्यांनी त्याच्या भाष्यासाठी वापरली. मोडीसारखीच ती डोळ्याला सवयीने येते, म्हणून रोज पाच मिनिटं, तीन-चार अक्षरं. सामेख ('स') आणि अंत्य मेम, म्हणजे फक्त शब्दाच्या शेवटी येणारा 'म', यांत गफलत होते. शब्दाच्या मध्ये असेल तर सामेखच.

भाष्य वाचण्याआधी विचार: राशीला इथे काय खटकलं? उत्पत्तीच्या त्याच वचनात 'लेख् लेखा', 'जा तुझ्यासाठी', आहे. स्वरचिन्हं काढली की दोन्ही शब्द हुबेहूब सारखे: लामेद-खाफ, लामेद-खाफ. 'जा' पुरे होतं, मग 'तुझ्यासाठी' कशाला? मुलांना हा प्रश्न पडू दे. मगच राशीचं उत्तर वाच: तुझ्या सुखासाठी, तुझ्या भल्यासाठी.

मिश्ना, म्हणजे ज्यू कायद्याचा जुना संग्रह, शिकवताना त्यातला बावा मेत्सिया हा ग्रंथ, 1:1 घे. दोघांनी एकच वस्त्र धरलंय. एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. मुलं दोनास एक असं वाटून मोकळी होतात. मिश्ना पहिल्याला 3/4 देते, दुसऱ्याला 1/4. वर्गात खरं कापड ने. ज्या अर्ध्यावर भांडणच नाही, ते आधी घडी घालून पहिल्याच्या हातात दे. उरलेलं अर्धं मुलांनाच दुमडू दे.