ओल्या तैलचित्राला काच लावू नका

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर बसून तुम्ही तैलरंगात समुद्र रंगवता, रंगांचा चिखल होतो, आठवडा उलटला तरी चित्र बोटाला लागतं आणि फ्रेमवाला काच लावून देतो म्हणतो, हे तुमचं वाचलं. आधी काचेचंच सांगते: लावू नका. पावसाच्या तोंडावर तर मुळीच नाही.

तैलरंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. वर साय धरली तरी ब्रशच्या जाड फटकाऱ्याच्या पोटात रंग कित्येक महिने मऊ असतो. मे महिन्यात एका दुकानात मी बजावून सांगितलं होतं, नुसती चौकट करा, मागची बाजू उघडी ठेवा. त्यांनी काच थेट रंगावर टेकवली, मागे पुठ्ठा घालून चिकटपट्टीने बंद केलं आणि चित्र तिथेच पडून राहिलं. गणेश चवथीच्या आधी आणायला गेले. काच उचलली तर वागातोरच्या कड्याचा तांबडा रंग तिला चिकटून वर आला, लाटांवरचे उठावदार पांढरे फटकारे चपटे झालेले, कॅनव्हासच्या पाठीवर करडी बुरशी. उत्तर काय मिळालं? ‘गोव्याची हवाच तशी.’ अहो, हवा तशी आहे म्हणूनच तर नको म्हटलं होतं! बिल मात्र पूर्ण घेतलं. पैशांचं सोडा, ते चित्र गेलं याचा राग अजून जात नाही.

मी जुनी चित्रं दुरुस्त करणारी तज्ज्ञ नाही, पण एवढं नक्की पाळा: चित्र हवेशीर, उजेडाच्या खोलीत उभं ठेवा. कपाटात नको, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. शेवटचं व्हार्निश, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर, सहा महिने ते वर्षभराने.

रंगांच्या चिखलाचं मूळही ह्याच सावकाश सुकण्यात आहे. ओल्या निळ्यावर नारिंगी झळाळी ठेवून ब्रश पुन्हा फिरवलात की हे पूरक रंग, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, मिसळून करडा-तपकिरी होणारच. फटकारा ठेवा, ब्रश उचला, फडक्याला पुसा, मगच पुढचा. निळ्यासाठी आणि नारिंगीसाठी ब्रश वेगळे. सावलीत काळा घालू नका. जांभ्याच्या कड्याच्या सावलीला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि अलिझारिन क्रिमसन (गर्द लाल) पुरतात, वर थोडा कड्याचाच रंग.

आणि सूर्यास्ताचा नाद सध्या सोडा. कुणाला पटणार नाही, पण नवशिक्याला तो छळतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी ऊन डोळ्यांत येतं आणि रंग मिनिटामिनिटाला बदलतात. सकाळी सूर्य पाठीशी असतो, उजेड बराच वेळ टिकतो. सूर्य रंगवायचाच असेल तर फ्रेंच चित्रकार मोनेचं १८७२चं ‘इम्प्रेशन, सनराइज’ फोनवर कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळजवळ आकाशात विरून जातो. तो उठून दिसतो तो रंगामुळे, पांढरा ओतल्यामुळे नाही. सावलीसाठी छत्री पांढरी किंवा करडी न्या, किनाऱ्यावरच्या शॅकची (खानावळीची) लाल छत्री सगळा कॅनव्हास लाल करते.

वाळू उडून चिकटली तर ओल्यात खरवडू नका, सुकल्यावर झटका. मोनेच्या १८७०च्या, फ्रान्समधल्या ट्रूव्हिल किनाऱ्याच्या चित्रात अजून वाळूचे कण आहेत.

एक मात्र विसरू नका: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाणी घातलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.