आधी विहीर मोज

चि. पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर तापमानाचे आलेख बघत बसतेस, मग झोप येत नाही, आणि शिकून तरी काय करू असं वाटतं. २०२४ हे नोंदींतलं सगळ्यांत उष्ण वर्ष ठरलं, हे खरंच आहे. मे महिन्यात भुसावळहून रावेरला दुपारी ये, आलेख बघावाच लागत नाही. तेव्हा ‘घाबरू नको’ असलं काही मी लिहिणार नाही.

एवढंच विचारतो: तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आज किती खाली आहे? ‘खूप’ हे उत्तर नव्हे.

ठाऊक नाही ना? मग आधी विहीर मोज. सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आत. उपसा चालू असला की पातळी खोटी लागते. काठावर रंगाने खूण कर, टेपला वजन बांध, खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर तारखेसह वहीत लिही. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. भूजल सर्वेक्षणवालेही आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजतात. विहीर आटली असेल तर ‘कोरडी’ असं लिही. तीही नोंदच.

तू म्हणशील, आबा, जग तापतंय आणि तुम्ही वही काढायला सांगता! हो, सांगतो. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रातला कोळसा तुझ्या वहीने विझणार नाही, एवढं मलाही कळतं. त्यासाठी मोर्चा काढ, मत दे. पण सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, ज्याला बझाडा म्हणतात, तो पावसाळ्यात नाल्यांचं पाणी जिरवून घेतो. किती जिरलं आणि आपल्या केळीने किती ओढलं, हे न मोजता कसं कळणार? धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत आठव, फड म्हणजे शिवाराचा एकेक पट्टा. नदीला पाणी किती ते बघायचं, मग कुठला फड भिजवायचा, कुठला पडीक ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. शेकडो वर्षं चाललं ते. ती माणसं काही तपस्वी नव्हती, हिशेबी होती.

मला लोक हसायचे. मास्तर विहिरीत वाकून काय बघतात, जीवबीव द्यायचाय का? दरसाल बोअर खोल जात होत्या. ग्रामसभेत वही उघडली, तर एक पुढारी म्हणाला, आकड्यांनी केळी निसवत नाही. सभा हसली. एकट्याच्या वहीला कोण विचारतं? दहा घरांतून दहा वह्या निघाल्या असत्या तर त्याला तोंड उघडणं जड गेलं असतं. ही रुखरुख आहेच. पण माझ्या वह्या वाया गेल्या, असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. बातम्या मीही वाचतो, तुझ्यापेक्षा जास्तच. आणि मला झोप लागते.

तेव्हा माय, जगाचं नंतर सांग, आधी विहीर मोज. टेप विकत घेऊ नकोस, माझी पाठवतो. पहिला आकडा आला की कळव. पत्रात बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आबा