कटाराची जोडी झुकोशी जमायला हवी होती का?

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या शेवटी पाण्यावर हुकूमत असलेली आणि पाण्याने जखमा बऱ्या करणारी कटारा आणि मालिकेचा नायक, ‘अवतार’ आंग, एकत्र येतात. त्याऐवजी ती झुकोबरोबर, म्हणजे आधी आंगच्या मागावर असलेल्या आणि नंतर त्याच्या बाजूला आलेल्या राजपुत्राबरोबर, शोभली नसती का, आणि झुकोचं बदलणंही त्याने जास्त पूर्ण वाटलं नसतं का, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं मी ‘हो’ म्हणणाऱ्यांतली होते. आज माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते मी झुकोवरच्या मायेपोटीच देतेय.

झुटारावाल्यांचं, म्हणजे झुको-कटारा ही जोडी हवी असणाऱ्यांचं, म्हणणं कुठून येतं ते मला पाठ आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी बा सिंग से शहराच्या खालच्या स्फटिकांच्या गुहेत ही दोघं कैदेत असतात. आई गमावल्याचं दुःख दोघांचं सारखं निघतं. झुकोच्या चेहऱ्यावरच्या, बापाने दिलेल्या त्या भाजल्याच्या खुणेवर कटारा हात ठेवते आणि जपून ठेवलेलं ध्रुवावरच्या पवित्र तळ्याचं पाणी तिच्यावर वापरून बघायला तयार होते. तेवढ्यात सुटका होते, थोड्याच वेळात झुको त्याच्या बहिणीच्या, अझुलाच्या बाजूने उभा राहतो, अझुलाची वीज आंगच्या पाठीत शिरते आणि तेच पाणी कटाराला आंगचा जीव परत आणायला लागतं. तिसऱ्या सीझनमध्ये झुको आंगच्या गटात येतो तेव्हा बाकीचे हळूहळू विरघळतात, ती मात्र नाही. तिने एकदा विश्वास टाकून पाहिलेला असतो.

आता ‘द सदर्न रेडर्स’ हा एपिसोड पुन्हा नीट बघा. तिच्या आईला मारणारा माणूस कोण हे झुको शोधून काढतो, पण तिला ते सांगायला तो तंबूत घुसत नाही. रात्रभर बाहेर बसून राहतो. सकाळी ती बाहेर येते तेव्हा त्याची अवस्था बघण्यासारखी असते. पुढच्या प्रवासात तो तिला मार किंवा सोड यातलं काहीच सांगत नाही. ती ब्लडबेंडिंग करते, म्हणजे समोरच्याच्या अंगातल्या रक्तावर ताबा मिळवून त्याला हवं तसं हलवते, तेव्हा हादरतो, पण मध्ये पडत नाही. पावसाचे थेंब हवेत थांबवून ती आईला मारणाऱ्या त्या म्हाताऱ्यासमोर उभी राहते आणि त्याला सोडून देते. शेवटी धक्क्यावर पाय सोडून बसलेली कटारा म्हणते, मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही, पण झुकोला करायला तयार आहे. आणि त्याला मिठी मारते.

आता शेवटच्या चार भागांमधला दुसरा तंबू आठवा, झुकोच्या आयरोकाकांचा. झुको आत जातो, काका झोपलेले असतात, आणि तो पुन्हा तसाच, सकाळ होईपर्यंत बसून राहतो. ते उठल्यावर तो बा सिंग सेत त्यांची साथ सोडल्याची माफी मागायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका त्याला जवळ ओढतात. दोन तंबू, दोन रात्री, दोन मिठ्या. कटाराची मिठी या रांगेतली आहे. ज्या मुलाने तीन वर्षं बापाचं प्रेम कमवायला समुद्र पालथे घातले, तो इथे पहिल्यांदा बदल्यात काही न मागता कुणासाठी तरी थांबून राहायला शिकतोय. त्यापुढे कटारा बक्षीस म्हणून त्याच्या पदरात पडली असती, तर ती रात्र मला हिशेबाची वाटली असती.

अझुलाची वीज कटारावर येते तेव्हा तो मध्ये उडी घेतो, हा झुटारावाल्यांचा हुकमी पुरावा. मला तिथे बा सिंग से दिसतं. तीच अझुला, तशीच वीज. तेव्हा तो तिच्या बाजूला होता, आता समोर आहे. नंतर कटारा त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बरं करते. गुहेत अर्धवट राहिलेलं काम तिथे पुरं होतं, आणि माझ्या मते नात्यालाही आणखी कसली गरज राहत नाही.

पण आंगच्या बाजूच्या लोकांनी यावर खूश होऊ नये. गुरू पाथिक आंगला सांगतात की कटारावरची आसक्ती सोडल्याशिवाय शेवटचं चक्र, म्हणजे अवताराची पूर्ण ताकद हाती देणारं शरीरातलं ऊर्जाकेंद्र, उघडणार नाही. आणि शेवटी ते उघडतं कशाने? झुकोच्या बापाशी, ओझाईशी लढताना पाठीतल्या त्याच जुन्या जखमेत दगडाचं टोक रुततं म्हणून. बा सिंग सेच्या गुहेत तो एकदा ती आसक्ती सोडतो खरा, पण विजेने ते चक्र पुन्हा बंद होतं, आणि त्यानंतर सोडण्याची परीक्षा आंगला पुन्हा द्यावीच लागत नाही. (वयाचा वाद मी बाजूला ठेवते. आंग बारा, कटारा चौदा आणि झुको सोळा, सगळी पोरंच आहेत.)

माझी खरी तक्रार कटाराच्या बाजूची आहे. ‘एम्बर आयलंड प्लेयर्स’मध्ये नाटकाच्या मध्यंतरात ती आंगला स्पष्ट सांगते की माझा गोंधळ झालाय, आत्ता युद्ध चालू आहे. तरी तो तिचं चुंबन घेतो आणि ती चिडून निघून जाते. त्यानंतर उरतात ते शेवटचे चार भाग, आणि त्यांत या विषयावर दोघांचं एक अक्षर बोलणं होत नाही. शेवटी चहाच्या दुकानाबाहेर सज्जात संध्याकाळच्या उजेडात ती त्याच्याजवळ येते, मिठी, चुंबन, समाप्त. झुकोच्या प्रत्येक पायरीला एपिसोडच्या एपिसोड मिळाले. हिच्या मनातल्या एवढ्या मोठ्या वळणाला एक वाक्यही नाही.

मागच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या भाचीबरोबर सगळी मालिका परत पाहिली. तिला कटांग (कटारा-आंग), झुटारा काही माहीत नव्हतं. सज्जातला प्रसंग संपल्यावर तिने विचारलं, “मावशी, पण हिने ठरवलं कधी?” आम्ही नाटकाच्या एपिसोडपासून पुन्हा लावलं आणि शेवटपर्यंत बघितलं. तिला ती जागा सापडली नाही, मलाही नाही.