एक्सपी कशाचे द्यायचे? : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सर्व प्रश्न ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवत खेळायचा साहसखेळ खेळणाऱ्यांकडून आले आहेत. एक्सपी म्हणजे या खेळात मिळणारे अनुभवगुण; ते पुरेसे साठले की पात्राची लेव्हल वाढते. वेगळा उल्लेख नसेल तेथे 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे नियम गृहीत धरले आहेत.

प्रश्न (अमळनेर) : आमचे चारही खेळाडू शरण आलेल्या गॉब्लिनलाही (खेळातल्या छोट्या राक्षसालाही) मारतात, कारण त्याला सोडले तर एक्सपी बुडतील असे त्यांना वाटते. शिवाय सहा गॉब्लिनचे एकूण एक्सपी 300 धरायचे की 600, यावर आमच्यात वाद आहे.

उत्तर : एक्सपीसाठी शत्रू मेलाच पाहिजे, अशी अट नियमांत नाही. त्याला पळवून लावले, कैद केले किंवा अन्य मार्गाने त्याच्यापासूनचा धोका संपवला, तरी एक्सपी पूर्ण मिळतात. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे, कारण खेळाडूंचा क्रूरपणा हा बहुधा त्यांच्या स्वभावाचा भाग नसून चुकीच्या समजातून केलेला हिशेब असतो. वादाचे उत्तर 300 असे आहे. एका गॉब्लिनचे 50 एक्सपी, म्हणून सहांचे 300, आणि चौघांत वाटल्यावर प्रत्येकाला 75. तीन ते सहा शत्रू एकत्र आले की बेरीज दुप्पट करण्याचा नियम आहे खरा; पण तो चकमक किती अवघड जाईल याचा अंदाज खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला यावा म्हणून आहे, वाटपासाठी नाही. दुसऱ्या लेव्हलला 300 आणि तिसरीला 900 एक्सपी पुरतात, हे पाहता चुकून दिलेल्या दुप्पट एक्सपींनी सुरुवातीच्या लेव्हल फार लवकर संपतात.

प्रश्न (भुसावळ) : जुन्या आवृत्तीत सोन्याचे एक्सपी मिळत असत, असे ऐकले. तापीकाठच्या थाळनेरवरून सुचलेल्या एका काल्पनिक किल्ल्यात आमचे साहस घडते. तेथे हा नियम चालेल का?

उत्तर : चालेल, आणि माझ्या मते तेथेच तो शोभेल. 1974 पासूनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका सुवर्णनाण्यामागे एक एक्सपी मिळत असे, मात्र खजिना सुखरूप बाहेर आणल्यावरच. 1981 च्या बेसिक संचात गॉब्लिन मारल्याचे अवघे 5 एक्सपी मिळतात, म्हणजे शंभर नाण्यांची एक थैली वीस गॉब्लिनच्या तोडीची ठरते. साहजिकच खेळाडू लढाई टाळून चोरवाटा शोधतात, पहारेकऱ्यांना लाच देतात आणि मशाली किती उरल्या हे मोजत बसतात. तटबंदी, भुयारे आणि नदीकडचा उतार असलेल्या किल्ल्याला याहून चांगला खेळ कोणता? अडचण वेगळीच आहे. त्या काळी पात्रांच्या प्रत्येक वर्गाचा (चोर, जादूगार इत्यादींचा) लेव्हलचा तक्ता निराळा होता. दुसऱ्या लेव्हलसाठी चोराला 1200, तर जादूगाराला 2500 एक्सपी लागत. पाचव्या आवृत्तीत सर्वांना एकच तक्ता आणि आकडेही लहान, त्यामुळे तेथे नाण्यामागे एक एक्सपी दिला तर एकाच पेटाऱ्यात खेळाडूंची सगळी पार्टी तिसऱ्या लेव्हलवर पोहोचेल. म्हणून एक तर दहा नाण्यांना एक एक्सपी असा दर ठेवावा, किंवा किल्ल्यात सोनेच बेताचे ठेवावे. मी दुसरा मार्ग निवडेन. सोने दुर्मीळ असले की खेळाडू त्यासाठी डोके चालवतात.

प्रश्न (धुळे) : कापूस वेचणीच्या हंगामात एका खेळाडूला येता येत नाही. त्याला एक्सपी द्यावेत का?

उत्तर : द्यावेत. रूढ पद्धत हजर असणाऱ्यांनाच देण्याची आहे. पण मित्रमंडळीच्या खेळात एकजण दोन लेव्हल मागे पडला, तर तो परतल्यावर सर्वांचीच गैरसोय होते. हिशेबच नको असेल तर कथेचा महत्त्वाचा टप्पा संपताच सर्वांची लेव्हल एकदम वाढवावी, नियमांत तीही सोय आहे.

प्रश्न (शिरपूर) : आमचा एक खेळाडू त्याच्या बुटक्या योद्ध्याचे सगळे संवाद अहिराणीत म्हणतो आणि टेबल हसून लोटपोट होते. त्याला जास्तीचे एक्सपी दिले, तर इतर नाराज होतात.

उत्तर : त्यांची नाराजी रास्त आहे. एक्सपी कायमचे असतात, त्यामुळे बोलक्या खेळाडूला दर वेळी थोडे थोडे जास्त मिळत गेले, की लाजऱ्या खेळाडूचे पात्रही दुबळे राहते. अशी दाद देण्यासाठी नियमांत ‘इन्स्पिरेशन’ आहे. ते ज्याच्याकडे आहे, त्याला एखाद्या फेकीच्या वेळी वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. एका वेळी एकच इन्स्पिरेशन जवळ ठेवता येत असल्याने साठा होत नाही आणि ते दुसऱ्या खेळाडूला देण्याची मुभाही असते. अहिराणी बोलणाऱ्या त्या योद्ध्याने आपले इन्स्पिरेशन शेजारी गप्प बसलेल्या जादूगाराला दिले, तर नाराजी बरीच निवळेल.